रिकामी बग्गी हलवू नये

आमच्या घरात त्या वर्षी सगळे दबक्या आवाजात बोलायचे. तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या आमच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये मिक्सर लावण्याआधीसुद्धा आई एकदा वहिनीकडे बघून घ्यायची. वहिनीला दिवस होते. दुसऱ्यांदा. पहिल्या खेपेचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं आणि त्याबद्दल घरात अक्षर काढायचं नाही असा अलिखित कायदा होता. अलिखित कायदे मला मुळातच मान्य नव्हते. मी तेव्हा कॉलेजात होते आणि एका गटात होते. गट म्हणजे पाच-सहा डोकी, एक ओळखीचा झेरॉक्सवाला आणि पोटभर राग. आम्ही पत्रकं काढायचो. बुवाबाजीवर, पाण्याच्या टँकरवर, सोसायट्यांच्या मनमानीवर, जे समोर दिसेल त्यावर. आमचे सर सांगायचे, पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत पुरावा, तिसऱ्या ओळीत मागणी. चौथी ओळ कुणी वाचत नाही. मी आजही तसंच लिहिते. तिशी उलटलेल्या बाईने आत्मकथन कसलं लिहायचं, असं विचारणाऱ्यांनाही मी तीनच ओळींत उत्तर देते. हे एक प्रकरण मात्र तीन ओळींत बसत नाही, म्हणून इतकी वर्षं राहून गेलं.

वहिनी तारोडी गावची, कोळ्याची मुलगी. दादाने लग्न ठरवलं तेव्हा परळच्या चाळीतून भाईंदरला आलेल्या माझ्या आईने आठवडाभर तोंड पाडलं. नंतर वहिनीच्या हातचं कोलंबीचं कालवण एकदा चाखलं आणि विषय संपला. विषय संपला तो आमच्या घरात. मजल्यावर नाही. समोरच्या भाभी रोज दार उघडून नाक मुरडायच्या, "मीनल, आज फिर बनाया क्या?" मी त्यांना हिंदीतच ऐकवायचे की आमच्या स्वयंपाकघराचं भाडं तुम्ही भरत नाही. वहिनी मला आत ओढायची. सुकट भाजायची असली की खिडक्या लावून घ्यायची, तव्यावर झाकण ठेवायची, आणि तरी वास यायचाच. खोबरं, मिरची, सुकं आणि खाडीचा दमट वारा. आजही कुठे जवळा भाजला की मला आधी ती बंद खिडकी आठवते आणि मग राग येतो. जेवण झालं की वहिनी काटे माझ्या पत्रकांत गुंडाळायची. "रागवू नको गो वन्सं," म्हणायची, "तुझा कागद जाडा असतो. काटा बाहेर येत न्हाय."

सातवा लागला तसं तिचं हसणं कमी झालं. बाळंतपणाला माहेरी जायचं ठरलं होतं. ती आतून किती घाबरली होती ते मला एका गोष्टीवरून कळायचं. इतर वेळी ती आमच्यासारखीच बोलायची. घाबरली की मात्र तारोडीचं बोलू लागायची. त्या दिवसांत ती पाणी मागतानाही "पानी" म्हणायची.

माहेरी सोडायला निघालो ती एक रविवारची दुपार होती. दादा, आई, वहिनी आणि मी, एका रिक्षात कोंबलेले, पायाशी डिंकाच्या लाडवांचा डबा. डोंगरी गावाच्या पुढे रस्त्याला एक नवी पाटी लागली होती, 'राजेशाही बग्गी संग्रहालय'. कुठल्याशा बुडालेल्या संस्थानाच्या बग्ग्या एका हौशी शेठने विकत घेऊन तिथे मांडल्या होत्या. मला ते बघायचंच होतं. पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा माझ्या डोक्यात तयार होता, 'चाकं राजाची, खांदे कुणाचे?' पण थांबायचं म्हटलं ते वहिनीने. ती इमारत म्हणजे बर्फाचा जुना कारखाना होता. तिचे वडील होडीसाठी बर्फ तिथूनच न्यायचे. "मी बापाबरोबर यायची," ती म्हणाली. "आत गेलं की दात वाजायचे. चला ना, पाच मिनिटं." बऱ्याच दिवसांनी तिने काहीतरी मागितलं होतं. दादाने लगेच रिक्षा सोडली.

बर्फ जाऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे, पण थंडी तिथेच राहिली होती. जाड भिंती, खिडकी एकही नाही, जमिनीला मिठाचा घाम. डांबराच्या गोळ्यांचा वास आणि त्याखाली कुठेतरी जुन्या माशाचा. दारातच लाल फेटा आणि खाली स्पोर्ट्स शूज घातलेला एक गाइड उभा होता, आमच्याच वयाचा. "या मॅडम, या काकू, आत एकदम थंडगार. एसीचं बिल नाही, राजाची कृपा!" आम्ही सोडून आत कुणीही नव्हतं. दिवे आपोआप लागणारे होते. माणूस हलला की डोक्यावरचा दिवा लागायचा, पुढे गेला की मागचा विझायचा. त्यामुळे आपण जिथे आहोत तेवढंच दिसायचं. मागे वळलं की काळोख, आणि त्या काळोखात आत्ताच पाहिलेली भलीमोठी चाकं.

मी वही काढून पाट्या उतरवू लागले. 'प्रजावत्सल महाराजांची दसऱ्याची बग्गी.' 'शिकारीची बग्गी.' प्रजेचं नाव कुठेच नाही. चाक घडवणारा कोण, घोडे धुणारा कोण, पुढे धावत रस्ता मोकळा करणारा कोण, काही नाही. मी दातओठ खात लिहीत होते, पण खरं सांगायचं तर रागाबरोबर दुसरंही काहीतरी अंगावर चढत होतं. एकाही बग्गीला घोडे नव्हते. पुतळे नाहीत, चित्रंही नाहीत. बग्ग्यांच्या नुसत्या दांड्या छातीच्या उंचीला पुढे आलेल्या आणि त्यावर लगाम हवेत ताणलेले. तोंड जिथे असायला हवं तिथे लगामाची कडी लोंबकळत होती, अधांतरी. घोडा होता, फक्त दिसत नव्हता, असं वाटायचं. वहिनीने डोळे बारीक करून वर बघितलं. "तंगूस हाय तो," ती म्हणाली. मासे धरायचा नायलॉनचा दोरा. छताला तंगूस बांधून लगाम टांगले होते. आम्ही दोघी हसलो. ते हसू त्या भिंतींवर आपटून आमच्याकडे परत आलं तेव्हा दोघी एकदम गप्प झालो.

जनानी बग्गीला चारही बाजूंनी लाकडी जाळी होती. आतल्या बायकांना बाहेरचं दिसावं, बाहेरच्याला आतलं काही दिसू नये, अशी. गाइडने मोठ्या कौतुकाने हे सांगितलं. मी म्हटलं, "म्हणजे तुरुंगाला चाकं लावली." तो म्हणाला, "मॅडम, रॉयल होतं ते." वहिनी जाळीला डोळा लावायला वाकली आणि तशीच मागे सरली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही. आतून कुणी बघत असलं तर आपल्याला कळणार नाही ना."

शेवटची खोली म्हणजे बर्फाच्या लाद्या ठेवायची जुनी कोठी. तिथे एकच वस्तू होती. 'बालराजांची बग्गी'. चाकं परातीएवढी, वर होडीसारखा खोलगट पाळणा, आणि तो पाळणा चाकांना कुठे टेकलेलाच नाही. पुढेमागे आकड्यासारख्या वळलेल्या पोलादी पट्ट्या, त्यांना चामड्याचे पट्टे, आणि त्या पट्ट्यांवर अख्खा पाळणा लोंबता. आत जांभळ्या मखमलीची दुलई, कडेला फिकट जर. समोर जाड दोरखंड आणि पाटी, 'हात लावू नये'. माझी नजर चाकांवर गेली. लोखंडी धावांवर ओरखडा नव्हता. एकही. ती बग्गी कधी रस्त्यावर गेलेलीच नव्हती.

"आणि हा आपला शो-स्टॉपर!" गाइड म्हणाला. दोरखंडावरून हात घालून त्याने पाळण्याला एका बोटाने ढकललं. पाळणा झुलायला लागला. आवाज काहीच नाही. ना कुरकुर, ना करकर. पुढे गेला, मागे आला. "इंग्लंडची स्प्रिंग आहे, मॅडम. रिकामी आहे, तरी बघा, थांबतच नाही. आपण बाहेर जाऊन चहा पिऊन आलो तरी चालू असते."

रिकामा पाळणा हलवू नये, हे मराठी घरात कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. पुस्तकाला पाय लागू नये, केर रात्री काढू नये, तसंच हे. हलवला तर बाळाला त्रास होतो म्हणतात. या एका समजुतीवर आमच्या गटाने पत्रक काढलेलं होतं आणि त्यातल्या तिन्ही ओळी माझ्या होत्या. मी वहिनीकडे पाहिलं. तिने दोन्ही हात पोटावर धरले होते, पोरगं कुणी हिसकावून नेईल असे.

"थांबवा तो," ती म्हणाली.

"काय?"

"पालना थांबवा. कोनी न्हाय त्याच्यान. थांबवा!"

आईचा चेहरा उतरला. दादा दोरखंड ओलांडायला पुढे झाला तसा गाइड आडवा आला. "सर, सर, हात नाही लावायचा. पाटी वाचा ना. इधर कॅमेरा है, माझी नोकरी जाईल."

"अरे, मग तूच थांबव!"

"आम्हाला पण फक्त ढकलायची परवानगी आहे, सर. धरायचं नाही. चामडं जुनं आहे, मधेच धरलं तर तुटेल म्हणतात. आपोआप थांबेल ती."

मी तिथेच पेटले. हलवायची परवानगी आहे, थांबवायची कुणालाच नाही! हा कुठला नियम? कुणी केला? मी त्याला लेखी दाखव म्हणणार होते. पण त्या क्षणी आम्ही सगळेच जागच्या जागी खिळलो होतो, वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत, आणि कुणीच हललं नाही म्हणून दिवा विझला.

मिट्ट काळोख.  मला माझाच श्वास ऐकू येत होता, आणि समोर काहीतरी हवा कापत येत होतं, जात होतं. आवाज नव्हता, नुसती हवा. चेहऱ्यावर यायची, थांबायची, परत यायची. मग दिवा लागला.

आमच्यापैकी कुणीच हललं नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. आई तशीच, दादाचा पाय तसाच अर्धा पुढे, गाइडचा हात तसाच आडवा. दिवा लागला तो पाळण्यामुळे. दिव्याच्या यंत्राने पाळणा हलताना पाहिला आणि त्याला माणूस समजलं. याचं स्पष्टीकरण इतकं सोपं आहे की आज शाळेतली पोरंही देतील, आणि मी तिथेच मोठ्याने दिलं. माझं वाक्य संपेपर्यंत वहिनी दाराकडे निघालेली होती.

तारोडीला पोचेस्तोवर तिने पोटावरचे हात काढले नाहीत. तिच्या घराच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते, रेडिओ लागलेला होता, तिच्या आईने भाकरी थापायला घेतल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. भात, भाकरी, निवट्यांचं आंबट, कैरी घातलेला जवळा, सगळं पुढ्यात आलं आणि वहिनीने ताट सरकवलं. भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "हालत न्हाय."

"काय हालत नाही?" दादाने विचारलं. त्याला कळलं होतं. तरी विचारलं.

"पोर. तवापासून हालला न्हाय."

आईने साखरपाणी पाजलं. डाव्या कुशीवर निजवलं. मावशीने पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. रेडिओ कुणीतरी बंद केला. बाहेर एक कोंबडी पत्र्यावर चालत होती, तिची नखं वाजत होती, तेवढाच आवाज. दादा उठला. "हॉस्पिटल. आत्ता. मी रिक्षा थांबवतो." मीही उठले. यात चर्चेला जागाच नव्हती. मागच्या वेळी आपण वाट बघत बसलो होतो, ही गोष्ट त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होती आणि ती कुणी बोलणार नव्हतं.

रिक्षा दारात आली आणि वहिनी उठेना. "मी त्या रस्त्यानं येनार न्हाय."

भाईंदरला जायचा रस्ता एकच. तो त्या संग्रहालयावरूनच जातो.

"तो अजून हालत असंल," ती म्हणाली. "मी पोटातला घेऊन त्याच्या पुढून जानार न्हाय. मागल्या येलंला गेला, आता ह्यो जाऊ दे काय?"

मागच्या वेळचं ती पहिल्यांदाच बोलली. दादा रडकुंडीला आला, ओरडला, हात जोडले. आई समजावू लागली. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं. दिवा कसा लागतो, स्प्रिंग कशी चालते, बाळं दिवसातून कितीदा झोपतात. आवाज चढू दिला नाही. ती ऐकत होती. ऐकून म्हणाली, "तुझा बरोबर असंल गो मिनू. तू शिकलेली हायस. पन मना उठवत न्हाय."

मावशीने मग पहिल्यांदा तोंड उघडलं. "पालन्यान कोन व्हता?"

"कोनी न्हाय," वहिनी म्हणाली.

"मंग भरून यायचा," मावशी म्हणाली आणि चुलीकडे गेली. पाट्यावरचा वरवंटा उचलला, धुतला, पुसला. एका फडक्याचं टोपडं करून त्याच्या एका टोकाला बांधलं. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, बारशाला पाळण्यात आधी बाळ ठेवत नाहीत. आधी वरवंटा ठेवतात, टोपडं घालून, नटवून. त्याला गोप्या म्हणतात. दगडासारखं दणकट हो, अशी त्यामागची भावना असावी. पाळण्याचं रिकामेपण तो दगड आपल्यावर घेतो आणि मग पोर आत जातं. मावशीने तो गोप्या माझ्यापुढे धरला. दादापुढे नाही, आईपुढे नाही.

"तू जा. तू कोनाला घाबरत न्हायस."

लोक मला आजही विचारतात, तुमच्या तत्त्वांचं काय झालं त्या वेळी? काही झालं नाही. तत्त्वं जिथल्या तिथे होती. एक बाई हॉस्पिटलात जायला तयार नव्हती आणि तिला उठवायचा एकच मार्ग समोर होता. मी पत्रकांच्या पिशवीतून पत्रकं काढून ओट्यावर ठेवली, दगड आत घातला आणि शेजारच्यांची स्कूटी घेतली. वरवंटा जड असतो. खड्ड्यात स्कूटी आपटली की तो पिशवीतून माझ्या पाठीला लागायचा, मागे बसलेलं मूल गुडघा मारतं तसा.

गाइड तिकिटाच्या खिडकीशी चहा पीत होता. मला बघून त्याने कप खाली ठेवला. "मॅडम, तक्रार करणार का?"

"नाही. मला त्या पाळण्यात हे ठेवायचंय."

त्याने पिशवीत डोकावलं. "हे काय? वरवंटा?" मग टोपडं दिसलं आणि त्याचं हसणं अर्ध्यात राहिलं. मी एका दमात सगळं सांगितलं. आरोप, पुरावा, मागणी.

"मॅडम, एक काम करा ना. मोबाइलवर फोटो घ्या, त्यात एडिट करून दाखवा वहिनींना. कुणाला कळणारे?"

"मला कळेल."

"माझी नोकरी—"

"तुझी नोकरी गेली तर मी या दारात धरणं धरीन. आणि तिचं पोर गेलं तर? तेव्हा कुठे धरायचं, तू सांग."

त्याने दोन बोटांनी फेटा सारखा केला आणि पुढे चालू लागला. दिवे लागत गेले, विझत गेले. अधांतरी लगामांजवळून जाताना मी मुद्दाम हळू चालले, घाबरले नाही हे स्वतःलाच दाखवायला. कोठीच्या दारात तो थांबला. "मी कॅमेऱ्यासमोर उभा राहतो. पाठ करून. तुम्ही काय केलं ते मी बघितलं नाही."

पाळणा अजून हलत होता.

जास्त नाही. बोटभर पुढे, बोटभर मागे. दुपार कलली होती, आमच्यानंतर कुणी आलं होतं की नाही मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पुरावा म्हणून. दोरखंडावरून वाकले, पाळण्याची कड धरली. चामडं तुटलं नाही. पाळणा माझ्या हातात थांबला आणि थांबताना हाताला ओढ बसली. रिकामी वस्तू इतकी ओढत नाही. पाण्याने भरलेली बादली झुलताना धरली की बसते, तशी ती ओढ होती. मी मखमलीची दुलई बाजूला करायला हात आत घातला आणि हाताला डोकं लागलं.

गोल. गार. कापडात गुंडाळलेलं. हाताच्या तळव्यात बसेल एवढं.

मी ओरडले नाही.  हात मागे घ्यायचा होता, तो येईना. मग हळूहळू बोटांना कळत गेलं. मी दुलई उचलली. आत एक वरवंटा निजवलेला होता. काळा दगड, आमच्या गोप्यापेक्षा लांब. डोक्याला जरीचं टोपडं, जर काळी पडलेली, रेशीम इतकं विरलेलं की श्वासाने हलत होतं. खाली दगडावर काजळाने डोळे काढलेले. कुणीतरी काळजीने काढले होते, पापण्यांसकट. ते मिटलेले नव्हते.

मी कितीतरी वेळ त्या डोळ्यांकडे बघत उभी राहिले. राजवाड्यातल्या कुणा बाईने हे ठेवलं असणार. जाळीच्या बग्गीतून जग बघणारी बाई, बालराजांच्या बग्गीची चाकं रस्त्याला का लागली नाहीत हे जिला माहीत होतं. तिला रिकामा पाळणा बघवला नसेल. आणि त्या दगडाच्या वजनाने पाळणा इतका वेळ झुलत होता. इंग्लंडची स्प्रिंग नव्हे. इतकी वर्षं हे लोक रिकामी म्हणून बग्गी झुलवत होते, टाळ्या घेत होते, आणि आत हात घालून बघायची कुणाला गरज वाटली नाही. याची मला आजही चीड येते.

पण तेव्हा माझ्यापुढे वेगळाच प्रश्न होता आणि त्यावर आमच्या गटाचं पत्रक नव्हतं. पिशवीत एक गोप्या होता, पाळण्यात एक गोप्या होता. आता दुसरा आत कसा ठेवायचा? एका पाळण्यात दोन? आणि पहिला बाहेर काढायचा तर त्याला कुठे न्यायचं? मी, मीनल, हा विचार करत होते. गंभीरपणे करत होते. शेवटी मी दुलई होती तशी घातली, गळ्यापर्यंत. आमचा दगड परत पिशवीत घेतला.

"झालं?" गाइडने पाठ न वळवता विचारलं.

"तू कधी आत बघितलं नाहीस?"

"मॅडम, मला फक्त बोटाने ढकलायला सांगितलंय."

तारोडीला परत आले तेव्हा रिक्षा दारातच घरघरत होती. वहिनी त्याच भिंतीला टेकून. पिशवीतला दगड बघून मावशीने कपाळाला हात लावला. मी वहिनीसमोर बसले. "तो पाळणा रिकामा नाहीये," मी म्हटलं. "कधीच नव्हता. आत गोप्या आहे. जुना. टोपडं आहे, काजळाचे डोळे आहेत. मी हात लावून बघितलं."

ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली. "मना बरं वाटावा म्हनून सांगतंस."

"वहिनी, मी कधी कुणाला बरं वाटावं म्हणून काही सांगितलंय का?"

तिला हे पटलं. मला ओळखणाऱ्या कुणालाही पटलं असतं. ती भिंतीला धरून उठली.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. हॉस्पिटलात पोटाला पट्टा लावला, मशीन लावलं, डॉक्टरबाईंनी दादाला दोन शब्द सुनावले आणि सांगितलं की वेळेत आणलंत हे बरं केलंत. दिवस भरल्यावर मुलगी झाली. ती आता माझ्याशी प्रत्येक विषयावर वाद घालते आणि पुरावा मागते. दिवा कसा लागला, ओढ का बसली, सगळ्याची कारणं मला माहीत आहेत आणि मी ती कुणालाही समजावून देऊ शकते.

पण त्या संध्याकाळी हॉस्पिटलला जाताना रिक्षात मला एकही कारण आठवत नव्हतं. मी कडेला बसले होते, वहिनी मधे, पलीकडे आई. दादा पुढे, ड्रायव्हरला चिकटून. वरवंटा पिशवीत राहीना, सारखा घरंगळायचा, म्हणून मी तो मांडीवर घेतला होता, टोपड्याखाली हात देऊन. तशाच धरतात ना पोराला, मान सांभाळून. ते आईने बघितलं आणि ती हसली नाही. संग्रहालयाची भिंत आली. वहिनीने रिक्षावाल्याला हळू करायला लावलं. गाइड फाटकात उभा होता, फेटा हातात.

"ओ दादा," वहिनीने डोकं बाहेर काढून सांगितलं, "उगा हलवू नका त्याला. निजलाय तो."

त्याने नुसती मान हलवली. रिक्षा पुढे निघाली. डोंगरी मागे पडली, मिठागरं लागली, उतरत्या उन्हात पांढरी.  मग वहिनीने माझं मनगट गच्च धरलं.

"हालला," ती म्हणाली. "मिनू, हालला गो."

आईने हात जोडले. दादा मागे वळला. सगळ्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं. मी आधी माझ्या मांडीकडे पाहिलं.